बर्फावरचा भोवरा आणि परीक्षकाचा डोळा



शिरूर तालुक्यातल्या एखाद्या गावच्या यात्रेला तुम्ही कधी गेला आहात का? तिथे बैलगाड्यांची शर्यत असते. घाटाच्या तळापासून गाडा सुटतो, धुरळा उडतो आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो निशाणापाशी पोहोचतो. किती सेकंद लागले ते घड्याळ सांगते. संध्याकाळी कुस्त्यांचा फड रंगतो. तिथे पाठ मातीला लागली, की निकाल लागला. पंचाने काय पाहिले ते चारही बाजूंच्या लोकांनीही पाहिलेले असते.

पण सगळ्याच स्पर्धा अशा नसतात. मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स, लेझीम, पोहण्याच्या तलावात मारलेले सूर यांचे माप कोणत्याही घड्याळात किंवा मोजपट्टीत नसते. तिथे परीक्षकाचा डोळाच घड्याळ आणि तोच मोजपट्टी! मग प्रश्न पडतो, की या डोळ्यावर विश्वास किती ठेवायचा?

हा प्रश्न मला एका मुलाने शिकवला. काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका शाळेत मल्लखांबाच्या स्पर्धा होत्या. नेमलेले एक परीक्षक आले नाहीत, म्हणून संयोजकांनी मला खुर्चीवर बसवले. मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, मल्लखांबातले मला ओ की ठो कळत नव्हते. पण नाही म्हणायचा संकोच वाटला. आठवीतल्या एका मुलाला मी दहापैकी सात गुण दिले. त्याच्यानंतर आलेल्या, नीटनेटक्या गणवेशातल्या मुलाला नऊ. बक्षीस समारंभ संपल्यावर तो पहिला मुलगा माझ्यापाशी आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, माझे तीन गुण कशाकशात गेले ते सांगता का? म्हणजे पुढच्या वर्षी सुधारीन."

मी हातातला कागद पाहिला. त्यावर फक्त ७ हा आकडा होता. मला काहीही सांगता आले नाही.

त्या दिवसापासून मी 'पाहायला' शिकू लागलो. आज आपण पाहण्याचा हाच अभ्यास करणार आहोत. त्यासाठी आपल्या गावापासून फार दूरचा, बर्फावरचा एक खेळ घेऊ. त्याचे नाव फिगर स्केटिंग. त्यातही पुरुषांची स्पर्धा आपण पाहू. आमच्या महाविद्यालयातल्या मुलामुलींनी आणि मी २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमधील या स्पर्धेची चित्रफीत प्रयोगशाळेत बसून थांबवत थांबवत पाहिली. पहिल्यांदा सगळ्यांच्या तोंडून फक्त 'वा!' निघाले. चौथ्यांदा पाहताना मात्र मुले वाद घालू लागली. माझ्या मते शिक्षणाला तिथे सुरुवात झाली.

बर्फ निसरडा का?

शिरूरला उन्हाळ्यात बर्फाच्या गोळ्याची गाडी उभी असते. गोळेवाल्याच्या पेटीतले बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना चिकटलेले तुम्ही पाहिले असतील. हा चिकटपणा आणि बर्फाचा निसरडेपणा ही एकाच कारणाची दोन रूपे आहेत.

जुन्या पुस्तकांत असे लिहिलेले असे, की स्केटच्या पात्याचा दाब पडून बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून खेळाडू घसरतो. हे ऐकायला पटते. पण आपण हिशेब करून पाहू. खेळाडूचे वजन ६० किलो धरा आणि पात्याचा बर्फाला टेकलेला भाग एक चौरस सेंटिमीटर धरा. दाब झाला सुमारे ५८ वातावरणांइतका. आता, एका वातावरणाइतका दाब वाढला, तर बर्फाचा वितळण्याचा बिंदू फक्त ०.००७४ अंश सेल्सिअसने उतरतो. ५८ ला ०.००७४ ने गुणा. उत्तर येते ०.४३ अंश. आणि फिगर स्केटिंगच्या मैदानाचे तापमान असते साधारण उणे ३ ते उणे ४ अंश! म्हणजे दाबाने काम भागत नाही.

मग खरे कारण काय? मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने १८५० मध्येच सुचवले होते, की बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो. आतल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी धरून ठेवतात. अगदी वरच्या रेणूला वरच्या बाजूने कोणीच नसते. म्हणून तो सैल असतो. शिवाय पाते वेगाने सरकताना घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि हा थर थोडा वाढतो. बाउडेन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये घर्षणाच्या या उष्णतेचे महत्त्व दाखवून दिले. गोळेवाल्याच्या पेटीत दोन तुकड्यांचे हे ओलसर थर एकमेकांना भिडतात. आता त्यांना दोन्ही बाजूंनी शेजारी मिळाले, की ते गोठतात आणि तुकडे चिकटतात.

गंमत पाहा. मल्लखांबाला एरंडेल तेल लावतात, कारण अंग खरचटू नये. पण पकड मात्र सुटता कामा नये. बर्फावरच्या खेळाडूला घसरायचे असते; पण हव्या त्या क्षणी बर्फाला पकडायचेही असते. ही पकड त्याला कोण देते?

पात्याच्या दोन कडा

स्केटचे पाते सुरीसारखे एका धारेचे नसते. ते साधारण ४ मिलिमीटर जाड असते आणि त्याचा तळ पन्हळीसारखा किंचित खोलगट घासलेला असतो. त्यामुळे पात्याला दोन कडा मिळतात. पायाच्या आतल्या बाजूची ती आतली कड, बाहेरच्या बाजूची ती बाहेरची कड. पुढच्या टोकाला करवतीसारखे दाते असतात.

चांगला खेळाडू सपाट पात्यावर सरळ जात नाही. तो सतत कोणत्या ना कोणत्या कडेवर झुकलेला असतो आणि म्हणून त्याची वाट वळणावळणाची होते. माझे बालपण दौंडला गेले. रेल्वेचे जंक्शन जवळ असल्याने रूळ पाहणे हा आमचा आवडता उद्योग. मोठ्या वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा थोडा उंच बसवलेला असतो, त्यामुळे गाडी आतल्या बाजूला कलते. पूर्वी पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. आता कॉर्ड लाईन झाल्यामुळे काही गाड्या जंक्शनात न शिरता बाहेरूनच वळतात. वळायचे, तर आतल्या दिशेने बल हवे. गाडीला ते रूळ देतात, खेळाडूला ते बर्फात रुतलेली कड देते.

किती झुकायचे? झुकण्याच्या कोनाचे टॅन काढायचे, तर वेगाचा वर्ग करा आणि त्याला वळणाची त्रिज्या व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराने भागा. वेग सेकंदाला ६ मीटर आणि वळणाची त्रिज्या ५ मीटर असेल, तर ३६ भागिले ४९, म्हणजे ०.७३. कोन आला सुमारे ३६ अंश! उभ्या रेषेपासून इतके झुकून, एका पायावर, ४ मिलिमीटरच्या पात्याच्या एका कडेवर हा माणूस शांतपणे चाललेला असतो.

म्हणून पाहण्याचा पहिला नियम लक्षात ठेवा. उड्यांकडे नंतर पाहा, आधी पाय पाहा. वळण खोल आहे का? खेळाडू पाय न मारता वेग राखतो का? जो दर दोन क्षणांनी धापा टाकत पाय मारतो, त्याचे कौशल्य कमी. जो झुकत झुकत नदीसारखा वाहतो, त्याचे जास्त.

सहा उड्या

या खेळात मुख्य उड्या सहा. त्यांची नावे टो लूप, साल्को, लूप, फ्लिप, लुट्झ आणि अॅक्सेल. यांपैकी तीन नावे माणसांवरून आली आहेत. नॉर्वेच्या आक्सेल पॉल्सनने १८८२ मध्ये, स्वीडनच्या उलरिख साल्कोने १९०९ मध्ये, तर ऑस्ट्रियाच्या आलॉइस लुट्झने १९१३ मध्ये आपापली उडी प्रथम करून दाखवली.

उड्या ओळखायच्या कशा? दोन प्रश्न विचारा. पहिला, खेळाडू उडताना तोंड कोणीकडे आहे? पाच उड्या उलट्या जाता जाता, म्हणजे पाठमोरे राहून मारतात. फक्त अॅक्सेल पुढे तोंड करून मारतात. उतरायचे मात्र नेहमी पाठमोरेच. त्यामुळे अॅक्सेलमध्ये अर्धा फेरा जास्त पडतो. एकेरी अॅक्सेल म्हणजे दीड फेरा, तिहेरी म्हणजे साडेतीन, चौपट म्हणजे साडेचार.

दुसरा प्रश्न, दुसऱ्या पायाचे दाते बर्फात मारले का? टो लूप, फ्लिप आणि लुट्झमध्ये मारतात. साल्को, लूप आणि अॅक्सेलमध्ये केवळ कडेवरून उडतात.

लुट्झ आणि फ्लिप दिसायला जुळ्या बहिणी. फ्लिप आतल्या कडेवरून आणि लुट्झ बाहेरच्या कडेवरून उडतात. लुट्झमध्ये खेळाडू ज्या दिशेने वळत आलेला असतो, त्याच्या विरुद्ध दिशेने हवेत गिरकी घ्यायची असते. म्हणून ती अवघड. कच्चा खेळाडू शेवटच्या क्षणी हळूच कड बदलतो आणि लुट्झच्या नावाखाली फ्लिपच मारतो. पंचांना ही लबाडी चित्रफितीत दिसते आणि गुण कापले जातात. आमच्या प्रयोगशाळेत दौंडहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने अशी एक कड सर्वांत आधी पकडली. मी स्वतः ती तीनदा पाहूनही चुकलो होतो!

अर्ध्या-पाऊण सेकंदाचा हिशेब

आता उडीकडे वळू. समजा, खेळाडू बर्फापासून अर्धा मीटर वर उठला. तिथून खाली यायला किती वेळ लागेल? नववीत शिकलेले गतीचे समीकरण वापरा. एक मीटरला ९.८ ने भागून वर्गमूळ काढले, की ०.३२ सेकंद येतात. वर जायलाही तेवढाच वेळ. एकूण ०.६४ सेकंद.

एवढ्या वेळात चार फेरे! म्हणजे सेकंदाला सव्वासहा फेरे, मिनिटाला ३७५. तुमच्या घरचा छताचा पंखाही पूर्ण वेगात साधारण इतक्याच वेगाने फिरतो. माणूस पंख्यासारखा वेगाने फिरतो आहे! काही भाग बर्फ सोडण्यापूर्वीच फिरून झालेला असतो, ही सूट आहे. पण उडताना हात पसरलेले असतात, म्हणून सुरुवातीला वेग कमी असतो. मधल्या क्षणी तो सरासरीहून जास्त ठेवावा लागतो.

तुम्ही म्हणाल, मग आणखी उंच उडावे, म्हणजे वेळ मिळेल. बरोबर, पण निसर्ग इथे कंजूष आहे. अर्ध्या मीटरऐवजी ०.६ मीटर उडी मारली, म्हणजे उंची २० टक्क्यांनी वाढवली, तर वेळ ०.७० सेकंद होतो. वाढ साडेनऊ टक्केच! दुप्पट वेळ हवा असेल, तर चौपट उंच उडावे लागेल. त्यामुळे खेळाडू उंचीपेक्षा फिरण्याचा वेग वाढवण्याच्या मागे लागतो.

तो वेग वाढतो कसा? भोवरा फिरवताना जाळी सोडली, की पुढे भोवऱ्याला कोणी फिरवत नाही. तसेच बर्फ सोडल्यावर खेळाडूला फिरवणारे बाहेरचे काहीही उरत नाही. जे काही फिरणे आहे, ते त्याने उडण्यापूर्वी बर्फाकडूनच उसने घेतलेले असते. भौतिकशास्त्रात याला कोनीय संवेग म्हणतात. हवेत तो वाढवता येत नाही आणि कमीही करता येत नाही. मात्र त्याची विभागणी बदलता येते. कोनीय संवेग म्हणजे फिरण्याचे जडत्व गुणिले फिरण्याचा वेग. वस्तुमान आसापासून जितके दूर, तितके फिरण्याचे जडत्व जास्त. हात पसरून सेकंदाला दोन फेरे करणाऱ्या खेळाडूने हात आणि पाय घट्ट मिटून हे जडत्व एक तृतीयांशावर आणले, तर वेग तिप्पट, म्हणजे सेकंदाला सहा फेरे होतो.

आता एक कूटप्रश्न. अशा वेळी फिरण्याची गतिज ऊर्जाही तिप्पट होते. ही जास्तीची ऊर्जा कुठून आली? पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर विचार करा.

उत्तर असे. फिरताना हात बाहेर ओढले जातात. फुगडी खेळताना मैत्रिणीचे हात कसे ताणले जातात, ते आठवा. त्या ओढीविरुद्ध हात आत आणण्यासाठी स्नायूंना कार्य करावे लागते. तीच ती ऊर्जा. न्याहारीत खाल्लेल्या भाकरीतून आलेली म्हणा ना!

उतरताना खेळाडू हात झटकन पसरतो. ते केवळ शोभेसाठी नव्हे. जडत्व वाढवून गिरकी आवरण्याचा तो ब्रेक असतो. म्हणून पाहण्याचा दुसरा नियम असा. उडी कशी उतरते ते पाहा. पाते बर्फाला टेकले, त्या क्षणी खेळाडू पूर्ण पाठमोरा झाला होता का? उतरल्यावर त्याची रेघ लांब वाहत गेली, की तो जागीच अडखळला?

परीक्षक गुण कसे देतात?

पूर्वी प्रत्येक परीक्षक ६ पैकी गुण देई. परिपूर्ण खेळाला ६.०. त्या एका आकड्यात सगळेच कोंबलेले असे, माझ्या त्या सातासारखे. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी स्केटिंगच्या निकालावरून मोठे वादळ उठले. एका परीक्षकावर दबाव आल्याचा आरोप झाला आणि अखेर दुसऱ्या आलेल्या कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावे लागले. त्यानंतर २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने नवी पद्धत स्वीकारली.

या पद्धतीत काम वाटून दिलेले असते. तंत्रज्ञांचा एक गट, कोणती उडी झाली आणि फेरे पूर्ण झाले का, एवढेच ठरवतो. गरज पडल्यास तो चित्रफीत पुन्हा पाहतो. पाव फेऱ्याहून जास्त पण अर्ध्याहून कमी फेरा राहिला, तर उडी अपुरी ठरते आणि तिची किंमत घटते. अर्धा किंवा त्याहून जास्त राहिला, तर एक पायरी खालची उडी धरतात. प्रत्येक उडीची किंमत आधीच छापलेली असते. बीजिंगच्या वेळी चौपट साल्कोला ९.७०, चौपट लुट्झला ११.५० आणि चौपट अॅक्सेलला १२.५० गुण होते.

दुसरीकडे नऊ परीक्षक ती उडी कशी झाली, याला उणे ५ ते अधिक ५ अशी श्रेणी देतात. एका पायरीला मूळ किमतीच्या दहा टक्के गुण. समजा, एका चौपट साल्कोला नऊ जणांनी ३, ३, २, ३, ४, ३, ५, २, ० अशा श्रेणी दिल्या. सर्वांत मोठी ५ आणि सर्वांत लहान ० काढून टाका. उरलेल्या सातांची बेरीज २० आणि सरासरी २.८६. म्हणजे उडीला ९.७० अधिक २.७७, एकूण १२.४७ गुण मिळाले.

टोकाच्या दोन श्रेणी काढायच्या कशाला? समजा, तो ० देणारा परीक्षक आकसाने उणे ५ देऊन बसला. साधी सरासरी काढली असती, तर ती २.७८ वरून २.२२ वर घसरली असती. पण टोके छाटल्यावर सरासरी २.८६ ची २.८६ च राहते! एका माणसाच्या आकसाला गणिताने घातलेला हा लगाम आहे. मात्र दोघांनी संगनमत केले, तर हा लगाम अपुरा पडेल. कसा, ते तुम्हीच आकडेमोड करून पाहा.

शिवाय स्केटिंगचे कौशल्य, रचना आणि सादरीकरण यांचे वेगळे गुण असतात. उड्या आणि सौंदर्य यांतले अधिक मोलाचे काय, हा वाद जुना आहे. २०१० च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकमध्ये रशियाच्या येव्गेनी प्लुशेंकोने चौपट उडी मारली. अमेरिकेच्या इव्हान लायसाचेकने एकही मारली नाही. तरी २५७.६७ विरुद्ध २५६.३६ अशा १.३१ गुणांनी लायसाचेक जिंकला. आमच्या वर्गात यावरून दोन तट पडले आणि तास संपल्याची घंटा कोणालाच ऐकू आली नाही.

एक भोक आणि ९.७९ गुण

आता बीजिंगकडे परत जाऊ. जपानचा युझुरू हान्यू २०१४ आणि २०१८ या दोन्ही ऑलिंपिकचा विजेता. तिसऱ्यांदा तो उतरला, तेव्हा त्याच्या मनात एकच होते, चौपट अॅक्सेल. साडेचार फेऱ्यांची ही उडी तोवर स्पर्धेत कोणाच्याही नावावर नव्हती.

८ फेब्रुवारी २०२२ रोजी छोटा कार्यक्रम झाला. हान्यूची पहिलीच उडी चौपट साल्को. तो उडायला झुकला आणि चौपटऐवजी एकच फेरा घेऊन उतरला. बर्फातल्या एका भोकात पाते अडकले, असे त्याने नंतर सांगितले. दात्यांच्या फटक्यांनी मैदानावर अशी भोके पडतच असतात. छोट्या कार्यक्रमात ही उडी निदान तिहेरी असावी लागते. त्यामुळे त्या उडीचे गुण शून्य! बाकी कार्यक्रम सुरेख होऊनही तो ९५.१५ गुणांसह आठव्या स्थानी राहिला.

१० फेब्रुवारीला मोठा कार्यक्रम. सुरक्षित खेळून पदक मिळवण्याचा मार्ग होता. हान्यूने सुरुवातच चौपट अॅक्सेलने केली. फेरा किंचित अपुरा राहिला आणि तो पडला. उठला आणि पुढचा कार्यक्रम पूर्ण केला. त्या उडीची नोंद मात्र अधिकृत कागदावर चौपट अॅक्सेल म्हणूनच झाली. अपुरी खरी, पण पहिली.

अखेरचा निकाल असा लागला. अमेरिकेचा नेथन चेन ३३२.६०, जपानचा युमा कागियामा ३१०.०५, जपानचाच शोमा उनो २९३.००. हान्यू २८३.२१ गुणांसह चौथा.

आता पेन्सिल घ्या. उनो आणि हान्यू यांच्यातला फरक ९.७९. आणि त्या हुकलेल्या चौपट साल्कोची मूळ किंमत? ९.७०! म्हणजे पहिल्या दिवशी ती उडी साधारण जरी झाली असती, शून्य श्रेणीची, तर त्याचे गुण २९२.९१ झाले असते आणि कांस्यपदक ०.०९ ने हुकले असते. अधिक १ श्रेणी मिळाली असती, तर ०.९७ वाढून २९३.८८ झाले असते आणि पदक त्याचे झाले असते. पदक गेले ते अॅक्सेलमुळे, असे अनेकांना वाटते. पण आकड्यांनी दाखवलेली वाट वेगळी आहे. मोठ्या कार्यक्रमात पडूनही हान्यूचे १८८.०६ गुण उनोच्या १८७.१० पेक्षा जास्तच होते.

हा हिशेब फळ्यावर मांडल्यावर आमच्या वर्गात शांतता पसरली. मग एकजण म्हणाला, "सर, भोक त्याने पाडले नव्हते. मग शून्य देणे हा अन्याय नाही का?" मी म्हणालो, "पंच भोकाला गुण देत नाहीत, झालेल्या उडीला देतात. बर्फ सर्वांना सारखाच." "पण सर, बर्फ सर्वांना सारखा नव्हताच. भोक एकाच ठिकाणी होते!" मला हसू आले. मुलगा अगदी बरोबर बोलत होता. नियम नि:पक्षपाती असू शकतात, नशीब नसते. परीक्षकाने यांतला फरक ओळखावा आणि आपल्या अखत्यारीतले तेवढे नीट करावे.

तुम्हाला पुढचे ऐकायला आवडेल. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला अमेरिकेत लेक प्लॅसिड येथे इलिया मलिनिन या १७ वर्षांच्या मुलाने स्पर्धेत पहिली पूर्ण आणि बिनचूक चौपट अॅक्सेल मारली. पहिली नोंदवलेली चौपट उडी कॅनडाच्या कर्ट ब्राउनिंगची, १९८८ सालची. चार फेऱ्यांपासून साडेचार फेऱ्यांपर्यंत जायला चौतीस वर्षे लागली!

तुम्हीच व्हा परीक्षक

आपल्याकडे बर्फाचे मैदान दुर्मीळ. सिमल्याला नैसर्गिक बर्फावर स्केटिंग चालते, तर डेहराडूनला २०११ मध्ये बंदिस्त मैदान उभारले गेले. पण पाहायला शिकण्यासाठी बर्फ लागत नाही.

पहिला प्रयोग. फिरत्या खुर्चीवर बसा, दोन्ही हातांत पाण्याची एकेक लिटरची भरलेली बाटली घ्या आणि हात पसरा. मित्राला खुर्ची हळू फिरवायला सांगा. आता बाटल्या छातीशी आणा. काय झाले? परत हात पसरा. (पाय उचललेले ठेवा, आजूबाजूला मोकळी जागा ठेवा आणि चक्कर येणाऱ्याने हा प्रयोग करू नये.)

दुसरा प्रयोग. घरातल्या मोठ्यांच्या मोबाईलवर मित्राच्या उंच उडीचे चित्रण करा. बहुतेक मोबाईल सेकंदाला ३० चित्रे घेतात. पाय जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत किती चित्रे आली ती मोजा. १५ आली, तर वेळ अर्धा सेकंद. उंची काढण्याची रीत अशी : ९.८ गुणिले वेळ गुणिले वेळ, भागिले ८. उत्तर येते सुमारे ०.३१ मीटर. मग उडी किती उंच वाटली होती ते आठवा. डोळा किती फसतो ते कळेल.

तिसरा प्रयोग सर्वांत अवघड. शाळेत मल्लखांबाची, कवायतीची किंवा लेझमीची स्पर्धा असेल, तेव्हा तुम्ही आणि तुमचे आठ मित्र मिळून गुण द्या. आधी ठरवा, कशाकशाला गुण द्यायचे. पकड, तोल, ताल, उतरण्याची पद्धत यांचे वेगवेगळे रकाने आखा. एकमेकांच्या कागदात डोकावू नका. शेवटी टोके छाटून सरासरी काढा. आणि प्रत्येक कापलेल्या गुणापुढे कारण लिहा. कारण सुचत नसेल, तर तो गुण कापण्याचा तुम्हाला अधिकार नाही.

मी त्यानंतर पुन्हा एकदाच मल्लखांबाचा परीक्षक झालो. त्याआधी दोन महिने संध्याकाळी व्यायामशाळेत जाऊन मुलांचा सराव पाहत बसलो. त्या दिवशी माझ्या कागदावर आकड्यांपेक्षा अक्षरेच जास्त होती. तो मुलगा तेव्हा शाळा सोडून गेला होता. त्याला द्यायचे उत्तर माझ्यापाशी आजही नाही, कारण मी त्याची उडी पाहिलीच नव्हती. मी फक्त तिच्याकडे तोंड करून बसलो होतो.

तुम्ही तसे करू नका. पाहा, मोजा, कारण लिहा आणि मग गुण द्या.